समन्स आलं की सगळे तारीख बघतात, तुम्ही वरची ओळ वाचा

समन्स घेऊन येणारा माणूस आधी तारखेवर बोट ठेवतो, मग रकमेवर. सगळ्यात वरच्या ओळीकडं कुणाचं लक्ष जात नाही. कुठं जायचं, कुणापुढं उभं राहायचं आणि निकाल विरुद्ध गेला तर पुढचं दार कुठलं, हे सगळं त्या एका ओळीवरून कळतं.

मी सोलापूरच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वकील नाही. दाव्यात काय लिहायचं, जिंकाल की हराल, हे मला विचारू नका, त्यासाठी वकील आहेत. पण कागद कुठल्या दाराचा आहे एवढं मी नक्की सांगू शकते. चुकीच्या दाराशी महिनोन् महिने बसलेली माणसं मी नोकरीत पाहिली आणि आता घरी बसूनही बघते. शेतातला रस्ता अडवला म्हणून थेट पालकमंत्र्यांच्या बंगल्यावर जाणारे आहेत, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून पोलीस ठाण्यात बसणारे आहेत. म्हणून हे लिहायला घेतलं.

वरची ओळ

ती साधारण अशी असते: "मे. ३ रे सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, सोलापूर यांचे न्यायालयात". यात तीन गोष्टी बघायच्या. गाव कुठलं, स्तर कुठला आणि कितवं कोर्ट. सोलापूर लिहिलंय की बार्शी, पंढरपूर, माळशिरस, हे आधी बघा. नातेपुत्याहून पहाटेची एसटी धरून सोलापूरला आलेला माणूस मी परत पाठवलाय, कारण त्याचं काम माळशिरसला होतं. "३ रे" हा आकडा कोर्टहॉल शोधायला लागतो. बोर्डावरही, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीवरही, तोच असतो.

त्याच्या खाली केसचा नंबर. त्याच्या आधीची अक्षरं ओळखायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. आर.सी.एस. म्हणजे साधा दिवाणी दावा, आपल्या मराठी कागदावर रे.मु.नं. त्याच्याऐवजी 'स्पेशल' दिसलं की तो वरिष्ठ स्तराचा दावा. आर.सी.सी. म्हणजे फौजदारी खटला, बहुतेक पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलेला. एस.सी.सी. हाही फौजदारीच, आणि सोलापुरात या नंबराखाली चेक न वटल्याच्या केसेसचा ढीग आहे. आर.सी.ए. म्हणजे दिवाणी अपील. एम.ए.सी.पी. म्हणजे अपघाताची भरपाई. दरखास्त म्हणजे निकाल लागून गेलाय आणि आता वसुली किंवा ताबा चाललाय. दरखास्तीची नोटीस हातात आली असेल तर मूळ दाव्याचा निकाल तुमच्या विरुद्ध आधीच लागलेला आहे, आणि "आम्हाला काही माहीतच नव्हतं" हे सांगायला तुम्ही फार उशिरा आलात. त्याच दिवशी वकील गाठा.

दिवाणी समन्स असेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. बेलीफ दारात आला की दार लावून घ्यायचं, सही करायची नाही, ही हुशारी आपल्याकडं घराघरात शिकवली जाते. त्यानं काही थांबत नाही. बेलीफ तसा शेरा मारतो, दारावर नोटीस डकवतो आणि दावा एकतर्फा चालतो.

एकच साहेब, दोन पाट्या

लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही. कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही सहसा एकच व्यक्ती असते. सकाळी बांधाचा दावा ऐकणारे साहेब किंवा मॅडम दुपारी चोरीच्या आरोपीला कोठडी देतात. वरही तसंच. जिल्हा न्यायाधीश दिवाणी अपील ऐकतात तेव्हा जिल्हा न्यायाधीश, खुनाचा खटला चालवतात तेव्हा सत्र न्यायाधीश. पोक्सोचे, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचे, विशेष न्यायाधीश, अ‍ॅट्रॉसिटीचे विशेष न्यायाधीश, लाचलुचपतीचे विशेष न्यायाधीश हेही नेमून दिलेले सत्र न्यायाधीशच. पाटी बदलली म्हणून नवीन इमारत शोधत फिरू नका.

फौजदारीची उतरंड शिक्षेवर ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकतात. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंतचा अधिकार आहे. सत्र न्यायाधीश कायद्यातली कुठलीही शिक्षा देऊ शकतात, फक्त फाशी असेल तर उच्च न्यायालयानं ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. अटक झाली की २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावंच लागतं. सोलापूर शहर पोलिसांनी पकडलं काय किंवा ग्रामीणनं, या नियमात फरक नाही. अटकपूर्व जामीन मात्र दंडाधिकारी देत नाहीत. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयातच मागायचा. अटकेची भीती असताना खालच्या कोर्टात अर्ज टाकायला निघालेला माणूस नेमका हातातला वेळ वाया घालवतो.

दिवाणीत उतरंड दाव्याच्या रकमेवर ठरते. ठरावीक मूल्यापर्यंत कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ स्तर. वरिष्ठ स्तराला वरची मर्यादा नाही. कायद्याचं म्हणणं असं, की ज्या सगळ्यात खालच्या कोर्टाला अधिकार आहे तिथंच दावा घालायचा. "आम्ही डायरेक्ट मोठ्या कोर्टात जातो" हे दिवाणीत चालत नाही. जमिनीचा दावा जमीन जिथं आहे तिथं. तुम्ही पुण्यात राहा नाहीतर सुरतेत, जमीन मंगळवेढ्याची असेल तर मंगळवेढ्यालाच यायचं. पैशाचा दावा समोरचा राहतो तिथं किंवा व्यवहार झाला तिथं.

चेकचं वेगळं आहे, आणि सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या ते फायद्याचं आहे. चादरी, टॉवेल उधारीवर परराज्यात जातात आणि चेक परत येतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तुम्ही चेक ज्या शाखेत खात्यावर भरलात, ती शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत, तिथं फिर्याद करता येते. खातं सोलापूरच्या शाखेत असेल तर गिऱ्हाइकाला सोलापूरला यावं लागतं. फक्त दिवस मोजा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून त्याला १५ दिवस, त्यानं पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. आमच्या शेजारचे अण्णा टॉवेलचा कारखाना चालवतात. त्यांनी "देतो म्हणालाय, बघू दिवाळीनंतर" करत नोटिशीची मुदत घालवली. गिऱ्हाईक गोड बोलणारं होतं. आता पैशासाठी दिवाणी दावा, आणि तो गिऱ्हाइकाच्या गावी घालायला लागू नये म्हणून वकील जुन्या पावत्या चाळतायत.

अमेरिकेतल्या पावतीचा किस्सा

माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीत आहे. वेगात गाडी चालवली म्हणून पोलिसानं त्याला कागद दिला आणि त्यानं मला फोटो पाठवला. "आजी, तू कोर्टवाली, सांग हे काय?" त्याच्यावर गावाच्या म्युनिसिपल कोर्टाचं नाव होतं. म्हणजे नगरपालिकेचं स्वतःचं कोर्ट! त्यातला न्यायाधीशही गावानंच नेमलेला, तीन वर्षांसाठी. मला नवल वाटलं, म्हणून सगळं वाचून काढलं.

तिकडं दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या शेजारून चालतात. एक राज्याची. न्यू जर्सीत गावाच्या कोर्टावर सुपिरियर कोर्ट, त्याचाच अपील विभाग आणि सगळ्यात वर राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय, सात न्यायमूर्तींचं. तिथले वरचे न्यायाधीश गव्हर्नर सुचवतात, राज्याची सिनेट मान्यता देते. आधी सात वर्षं आणि पुन्हा नेमणूक झाली तर वयाच्या सत्तरीपर्यंत. दुसरी वाट संघराज्याची, म्हणजे फेडरल. देशभर ९४ जिल्हा न्यायालयं, त्यांच्यावर १३ अपील न्यायालयं आणि वॉशिंग्टनला नऊ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. हे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजूर करते आणि ते हयातभर राहतात. निवृत्तीचं वयच नाही. टेक्सास राज्यात तर न्यायाधीश पक्षाच्या चिन्हाखाली निवडणूक लढवतात. आपल्या जिल्हा न्यायाधीशांचे फ्लेक्स चौकाचौकात लागलेत असं डोळ्यांसमोर आणून बघा!

गाडीची पावती, भाडेकरूचं भांडण, घटस्फोट, बहुतेक सगळे गुन्हे हे राज्याच्या वाटेनं जातात. संघराज्याचा कायदा मोडला किंवा संघराज्याच्या सरकारशीच वाद असेल तर फेडरल वाट. म्हणून त्या पोराला सांगितलं, तुझा व्हिसा आणि ही पावती यांची कोर्टं वेगळी आहेत, पण पावतीवर हजर न राहणं कुठल्याच देशात शहाणपणाचं नाही.

आपल्याकडं असं दुहेरी नाही. भाडेकरूचा कायदा महाराष्ट्राचा, चेकचा कायदा केंद्राचा, तरी दोन्ही सोलापूरच्या त्याच इमारतीत चालतात. मोहोळच्या न्यायाधीशांपासून दिल्लीपर्यंत एकच जिना आहे. महापालिकेचं स्वतःचं कोर्ट नाही. तिनं केलेले खटले आपल्याच दंडाधिकाऱ्यांपुढं चालतात आणि घरपट्टीसाठी ठरवलेल्या करयोग्य मूल्याविरुद्धचं अपील वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश ऐकतात. म्हणून "हे केंद्राचं का राज्याचं?" असा प्रश्न आपल्याकडं घेऊन बसू नका. आपला प्रश्न वेगळा आहे.

हे काम कोर्टाचं आहे का?

आपल्याकडची खरी चूक इथं होते. जिल्ह्यात ११ तालुके, सगळीकडं शेतीची भांडणं, आणि शेतीच्या भांडणातला अर्धा भाग दिवाणी कोर्टात सुरू होतच नाही.

शेजाऱ्यानं वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला किंवा काटे टाकून अडवला, तर तहसीलदाराकडं जायचं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना कायदा अजून जिवंत आहे आणि तहसीलदार त्याच्याखाली खरोखरीचं कोर्ट चालवतो. जागेवर येऊन पाहणी करतो, अडथळा काढायचा हुकूम देतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. "गावातले समजावून सांगतील" म्हणत लोक नेमके हे सहा महिने घालवतात. मग दिवाणी कोर्ट उरतं आणि पेरण्या निघून जातात. रस्ता आधीपासून होता आणि तो अडवला, तर हा कायदा. रस्ता कधी नव्हताच आणि बांधावरून नवा हवाय, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही तहसीलदाराकडंच, पण अर्ज वेगळे. एकात दुसरं घुसडलं की समोरच्याच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं.

फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावाच्या बदलाचं, तसंच. नोंद मंडळ अधिकारी मंजूर करतो. ती चुकीची वाटली तर प्रांताकडं अपील, ६० दिवसांत. त्याच्या वर जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, पुढं पुण्याला विभागीय आयुक्त. हा महसुली जिना. मात्र जमीन कुणाची, याचा शेवटचा निवाडा या जिन्यावर होत नाही. सातबाऱ्यावरची नोंद ही महसुलासाठी. मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्ट. मी बघितलेले कितीतरी भाऊ फेरफारावर आयुक्तांपर्यंत भांडले आणि तिथून मोकळ्या हातानं वाटपाच्या दाव्याला आले. दोन्हीकडचा खर्च, वर आईशी अबोला.

वाटपाच्या दाव्याचंही एक ऐका, कारण वकील ते आधी सांगत नाहीत आणि पक्षकार नंतर रागावतो. शेतसारा आकारलेल्या जमिनीत कोर्ट हिस्से ठरवतं, अमक्याचा एक तृतीयांश, तमकीचा एक तृतीयांश. प्रत्यक्ष तुकडे पाडायला कागद जिल्हाधिकाऱ्याकडं जातो. तिथून तहसील, भूमी अभिलेख, मोजणी. म्हणजे कोर्टात जिंकलेला माणूस पुन्हा महसुलाच्या दारात उभा. त्या फेरीची तयारी निकालाच्या दिवसापासूनच ठेवा.

बाकीची दारं थोडक्यात सांगते. वस्तू किंवा सेवेत फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यात, दोन कोटींपर्यंत मुंबईला राज्य आयोग, त्यावर दिल्ली. पाच लाखांपर्यंत फी नाही, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. कामगारांसाठी कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय सोलापुरातच आहे. गिरण्यांचं गाव म्हणून ते आलं. गिरण्या गेल्या, कोर्ट राहिलं, आता विडी आणि यंत्रमागाची माणसं दिसतात. सोसायटी, पतसंस्था, कारखान्याचे सभासद यांच्या वादाला सहकार न्यायालय. खासगी शाळेच्या शिक्षकाला काढलं तर शाळा न्यायाधिकरण, ३० दिवसांत. नवरा-बायकोचं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात आणि तिथं वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. बहुतेक वेळा ती मिळते. पण पहिल्या तारखेला समुपदेशकापुढं तुम्हालाच बोलावं लागतं. घर बँकेनं जप्तीला काढलं असेल तर सोलापूरच्या दिवाणी कोर्टात मनाई मागून उपयोग नाही. कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्याला आहे आणि मुदत ४५ दिवसांची.

अपघातात कुणी गेलं असेल तर भरपाईचा अर्ज अपघात झाला तिथंच करावा लागतो हा गैरसमज काढून टाका. हैदराबाद रस्त्यावर तेलंगणात अपघात झाला तरी वारस सोलापुरात राहत असतील तर अर्ज सोलापुरात चालतो.

निकालानंतरचा पहिला दिवस

निकाल विरुद्ध गेला की माणसं आधी न्यायाधीशांवर, मग वकिलावर आणि शेवटी नशिबावर बोलतात. ते घरी बोला. त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाका. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, आणि नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. पण वजा होतो तो अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. तुम्ही अर्जच उशिरा दिला तर ते दिवस तुमचे गेले.

दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर अपील सत्र न्यायालयात, ३० दिवस. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील, तेही ३० दिवस. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, दिवाणीत उच्च न्यायालयासाठी ९०. कौटुंबिक न्यायालयाचं अपील जिल्हा न्यायाधीशांकडं जात नाही, थेट उच्च न्यायालयात. आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर अपील नाहीच. तिथं सही करताना नीट विचार करा. एकदा निवाडा झाला की शेवट, कोर्ट फी मात्र परत मिळते. छोट्या वसुलीला, वीजबिलाला, चेकच्या केसला लोकअदालत मला फार बरी वाटते. भावाभावांच्या जमिनीला तेवढी नाही. तिथं एक भाऊ घाईत सही करतो आणि घरी गेल्यावर त्याला बायको विचारते.

आता उच्च न्यायालय मुंबईला नाही, कोल्हापूरला

मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात त्याची खंडपीठं. सोलापूरची फाईल इतकी वर्षं मुंबईला जायची. पक्षकार रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचा, सकाळी सीएसएमटीला उतरून तोंड धुवायचा आणि चालत फोर्टात जायचा. केस बोर्डावर आलीच नाही तर त्याच गाडीनं परत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. आता सांगोला-मिरज रस्त्यानं निघायचं. कोल्हापूर, सांगलीचे लोक उंबऱ्यात आले. आपल्याला अंतर कमी झालं, पण रात्रभर झोपून पोचवणारी ती गाडी सुटली. माझं मत विचाराल तर फायदा आहे, कोल्हापूरकरांइतका नाही.

तिथं कामकाज इंग्रजीत. तालुक्यात मराठीत चाललेल्या दाव्याचे कागद भाषांतर करून लावायला लागतात, आणि जुन्या खरेदीखताची मोडीच्या वळणाची मराठी कुणालाही सहज जमत नाही. भाषांतराला आठवडे जातात. अपील करायचं ठरलं की ते काम आधी सुरू करा.

त्यावर दिल्ली. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांसह ३४ न्यायमूर्तींची मंजूर संख्या आहे. बहुतेक प्रकरणं तिथं हक्कानं जात नाहीत. विशेष परवानगी मागावी लागते, आणि काही मिनिटांत ती नाकारलीही जाते. "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन" असं चावडीवर म्हणणाऱ्यानं एवढं माहीत करून घ्यावं.

साहेब येतात कुठून

कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत शिकतात आणि मग तालुक्याला रुजू होतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. मला ती पटली. कॉलेजमधून थेट खुर्चीवर आलेल्या मुलांना बांध म्हणजे काय ते शिरस्तेदारानं, म्हणजे कोर्टाच्या वरिष्ठ कारकुनानं, समजावून सांगितलेलं मी पाहिलंय. जिल्हा न्यायाधीश काही बढतीनं येतात, काही थेट वकिलांतून. त्यांची नेमणूक उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्यपाल करतात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, शिफारशीवरून राष्ट्रपती नेमतात. उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्चमध्ये ६५ व्या.

तुमच्या कामाचा भाग एवढाच, की जिल्ह्यातल्या न्यायाधीशांची बदली, रजा, चौकशी हे सगळं उच्च न्यायालयाच्या हातात असतं. जिल्हाधिकारी, आमदार, मंत्री यांचा त्यात काही संबंध नाही. चिठ्ठी आणू नका. चिठ्ठी आणणाऱ्याचं पुढं काय होतं ते कर्मचारी सांगत नाहीत, पण लक्षात ठेवतात. निवासस्थानी तर अजिबात जाऊ नका.

तारखेच्या दिवशी

आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा नंबर, टाकून बघा. हा १६ अक्षरं-आकड्यांचा असतो, पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची. समन्सवर नसेल तर वकिलाकडून घ्या. तारीख, कोर्ट, केस कुठल्या टप्प्यावर आहे, सगळं दिसतं. साहेब रजेवर असतील तर तेही बऱ्याचदा सकाळी कळतं आणि करमाळ्याहून यायचा त्रास वाचतो. तरी स्वतःच्या मनानं घरी राहू नका, वकिलाला फोन करून विचारा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, तालुक्यात समिती असते. फोन १५१००. बाईमाणूस असेल तर उत्पन्नाची अटच नाही, हे बायकांना माहीत नसतं. घरात पैसा आहे पण तो नवऱ्याच्या हातात आहे, अशा बाईलाही मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, कामगार, अपंग, कोठडीतला माणूस यांनाही तेच.

अकराच्या आत पोचा. बाहेर लावलेला बोर्ड बघा, आपला अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्या. मोबाईल बंद करा. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले असलात तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो, आणि तो परत बोर्डावर आणायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च. आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर बसा. नाव घेतलं की पुढं जाऊन नुसतं "हजर" म्हणा. तुमची बाजू सांगायची वेळ ती नव्हे.

निघायच्या आधी रोजनामा बघा. आज काय झालं आणि पुढची तारीख कशासाठी नेमली ते त्यात लिहिलेलं असतं. 'कैफियतीकरिता', 'मुद्द्यांकरिता', 'वादीच्या साक्षीकरिता', 'युक्तिवादाकरिता' यांतला शब्द तारखेच्या शेजारी वहीत लिहा. तीन तारखांना एकच शब्द येत असेल तर वकिलाला विचारा, "अडलंय कुणामुळं?" तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर "साहेब बदलले" असं आलं तर अ‍ॅप उघडून न्यायाधीशांचं नाव ताडून घ्या.